मुक्यांचा गट

शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सागर गावात संध्याकाळी कुणाचं इंटरनेट अडखळायला लागलं की घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘नागवेणीक्काला फोन लाव.’ कंपनी मंजप्पांची, पाटी मंजप्पांच्या नावाची, पण नाव निघतं ते हिचं. मार्केट रोडवरच्या ऑफिसात आतल्या गार खोलीत ती बसते. चाळिशी ओलांडलेली, अंगानं बारीक, एसीच्या वाऱ्यानं सर्दी होते म्हणून बारा महिने खांद्यावर शाल.

ती इथे लागली तेव्हा नुसती केबल टीव्ही होती आणि तिचं काम फोन उचलायचं. वडील खासगी बसचे कंडक्टर, ते गेल्यावर घर तिच्यावर आलं. पुढे केबलच्या तारेतून इंटरनेट आलं. शिवमोग्ग्याहून इंजिनियर यायचे, ती त्यांच्या पाठीमागे चहाचे कप घेऊन उभी राहायची आणि बघायची. कप खाली ठेवायचीच नाही, म्हणजे कोणी ‘जा’ म्हणायला नको. अशी बघत बघत शिकली. एकदा इंजिनियरचा फोन लागेना आणि सगळं गाव बंद पडलं, तेव्हा तिनंच खुर्ची ओढली आणि चालू करून दाखवलं. तेव्हापासून ती खुर्ची तिची.

काम काय, तर गर्दी सांभाळायची. शिवमोग्ग्याहून येणाऱ्या तारेतून एका वेळी किती जाऊ शकतं ते ठरलेलं. दिवसा ती तार पुरून उरते. संध्याकाळी सुपारी वाळवायच्या अंगणातली माणसं हातपाय धुऊन घरात येतात, मुलं क्लासहून येतात आणि अख्खं गाव एकदम क्रिकेट, सिनेमे, व्हिडिओ कॉल उघडून बसतं. मग कुणाला आधी सोडायचं आणि कुणाला थांबवायचं, हे कोणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवायचं सॉफ्टवेअर नागवेणीच्या संगणकावर होतं. गिऱ्हाइकांचे गट पाडायचे, गटाला नाव द्यायचं, त्याच्यापुढे नियम लिहायचा, बटण दाबायचं. चौकातला ट्रॅफिक पोलीस लोकांना दिसतो तरी, त्याला शिव्या तरी देता येतात. ही कुणाला दिसत नव्हती.

ज्या वर्षी हायवे रुंद करायला काढला, त्या वर्षी जेसीबीनं तार इतक्या वेळा तोडली की अर्ध्याच तारेवर सगळं गाव चालवायची पाळी आली. फोन थांबेनात. मंजप्पा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“नागवेणी, जो ओरडतो त्याला आधी दे.”

“आणि बाकीचे, अण्णा?”

“गप्प आहेत ना? मग चाललंय त्यांचं. नसतं चाललं तर बोंबलले असते.”

तिनं मागच्या तक्रारी काढल्या. ज्यांचा कधीच फोन आला नव्हता त्यांचा एक गट केला आणि नियम लिहिला: गर्दी झाली की यांना सगळ्यात शेवटी. लाइनमन फकीरप्पा शिडी भिंतीला टेकवून तिथेच उभा होता.

“नाव काय देऊ रे याला?”

“मूगरु द्या अक्का. तोंडच उघडत नाहीत.”

मूगरु म्हणजे मुके. दोघं हसली. तिनं तेच नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. त्या संध्याकाळी फोन जवळजवळ थांबलेच.

पावसाळा संपला, तार दुरुस्त झाली, वर आणखी एक नवी तार आली. आता तो नियम काढायचा होता. तिनं काढलाही. पण नव्या तारेवर नवी गिऱ्हाइकंही आली होती, आणि त्याच संध्याकाळी एका डॉक्टरांचा फोन आला की सिनेमा अडकतोय, मग बँकेच्या मॅनेजरांचा. दोघांचा आवाज चढलेला. तिनं नियम परत घातला. ‘तात्पुरता,’ असं ती स्वतःशी म्हणाली. पुढे ती ते म्हणायचीही थांबली. नवरात्रातल्या आयुधपूजेला मंजप्पांनी राउटरला हळदकुंकू वाहून सगळ्या कामगारांसमोर सांगितलं, “आख्ख्या जिल्ह्यात माझ्या एकट्याच्या ऑफिसात तक्रारीचा फोन वाजत नाही. कुणामुळे, ते माहीत आहे सगळ्यांना.” नागवेणीनं मान खाली घातली, पण ती लाजेनं नव्हे. तिला ते ऐकायला गोड लागलं होतं. आणि ते तसं गोड लागत राहावं म्हणून ती त्या गटाकडे बघायची टाळत राहिली. विसरली नव्हती. विसरणं वेगळं आणि न बघणं वेगळं, हे तिलाही कळत होतं.

अशी काही वर्षं गेली.

मग मंजप्पांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. बेंगळुरूहून माणूस आला, जुन्या संगणकावरचे सगळे गट आणि नियम उचलून नव्यात टाकले आणि जाताना म्हणाला, “मॅडम, आता गिऱ्हाइकाला मोबाइलवर आपली सगळी माहिती दिसेल. प्लॅन, वेग, गट, सगळं.” मंजप्पा खूश झाले. नागवेणीनं वेगाचे आकडे तपासले. नावं तपासायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. इतकी वर्षं ती नावं फक्त तिनंच वाचली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी ऑफिस नुकतंच उघडलं होतं, तेव्हा एक बाई आत आली. चाळिशीच्या आतबाहेरची, घट्ट वेणी, हातात केळीच्या पानात बांधलेला पुडा. बाहेर बसलेले मंजप्पा म्हणाले, “बोला अम्मा.” ती बोलली नाही. तिनं आपल्या कानाकडे बोट नेलं, हात हलवला आणि मोबाइल पुढे केला. त्यावर मजकूर आधीच लिहून आणलेला होता. मंजप्पा तो मोठ्यानं वाचू लागले, आणि आतल्या खोलीतून नागवेणीनं तो ऐकला.

“नमस्कार. मी होसकोप्पची हरिणाक्षी. मला जन्मापासून ऐकू येत नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. परवा मोबाइलवर पाहिलं, तुम्ही आमच्यासारख्यांचा वेगळा गट केला आहे. मूगरु हा शब्द आम्हाला आवडत नाही, आम्ही मुके नाही, हातांनी बोलतो. बहिरे म्हटलंत तर चालेल. पण आजवर कुठल्याही कंपनीनं आमचा विचार केलेला नाही. मी कधी सांगितलं नव्हतं, तरी तुम्हाला कसं कळलं? मनापासून आभार. एकच विनंती, संध्याकाळी व्हिडिओत हात नीट दिसत नाहीत, तेवढं बघाल का?”

मंजप्पांना त्या गटाची काही कल्पना नव्हती. त्यांची छाती मात्र लगेच फुगली. “नागवेणी, ए नागवेणी, बाहेर ये. बघ कोण आलंय. हे तू केलंस आणि मला बोलली नाहीस?”

नागवेणी बाहेर आली. हरिणाक्षीनं दोन्ही हातांनी तिचे हात धरले, मग सोडले आणि पुडा तिच्या ओंजळीत ठेवला. आत तोडदेव होते. उसाचा रस आणि तांदळाच्या पिठाचं ते पापडाहून पातळ पक्वान्न, तापलेल्या उलट्या मडक्यावरून एकेक पदर सोडवून काढावा लागतो. घरात मोठा पाहुणा यायचा असेल तरच बाया तो खटाटोप करतात. फकीरप्पा कोपऱ्यात तारेचं भेंडोळं गुंडाळत होता. त्यानं एकदा नागवेणीकडे पाहिलं आणि मान वळवून घेतली.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. नागवेणीनं तोंड उघडलंही. पण समोरची बाई तिच्या ओठांकडे इतक्या आशेनं बघत होती, की तिनं नुसतं हसून मान हलवली. हरिणाक्षी गेल्यावर ती आत आली, दार लावलं आणि तो गटच काढून टाकला. सगळ्यांना रांगेत सारखं केलं. पुड्यातला एक तुकडा मंजप्पांनी आग्रहानं तिच्या हातावर ठेवला होता. तो तिनं न खाता कागदात गुंडाळून ठेवला.

निघताना मंजप्पांनी हरिणाक्षीला ऑफिसच्या मोबाइलचा नंबर दिला होता. संध्याकाळी त्यावर तिचा व्हिडिओ आला. ती आणि तिच्या शाळेतल्या मैत्रिणी, कुणी हासनची, कुणी म्हैसूरची, एकाच पडद्यावर चौकटीचौकटीतून हात उंच करून हलवत होत्या. ती त्यांची टाळी होती. खाली लिहिलं होतं, ‘एवढ्या लवकर? अक्का, तुम्ही देवमाणूस आहात.’

नागवेणीनं मोबाइल उपडा ठेवला.

मंजप्पा मात्र आता थांबणार नव्हते. कर्नाटक राज्योत्सव जवळ आला होता. व्यापारी संघाच्या कार्यक्रमात दरवर्षी कुणाचा तरी सत्कार असतो. त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, नागवेणीक्काला शाल, फेटा, फळांची परडी, आणि हार घालणार हरिणाक्षी. “बहिऱ्यांसाठी इंटरनेट. पेपरवाला फोटो घेणार आहे,” ते म्हणाले.

“अण्णा, मला नको ते.”

“का? लाजतेस होय? इतकी वर्षं आत बसलीस, एकदा लोकांना तोंड दाखव.”

मग तिनं सांगितलं. तो गट कधी केला, का केला, नाव कुणी दिलं, तार दुरुस्त झाल्यावरही का ठेवला. खाली बघत, टेबलावरच्या काचेशी बोलावं तसं. मंजप्पा ऐकत राहिले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“आता तो गट आहे?”

“नाही. काढला.”

“तिचं नीट चाललंय?”

“चाललंय.”

“मग झालं तर. बाई खूश आहे, आपण खूश आहोत. तू कुणाला विष पाजलं नाहीस. ‘ओरडतो त्याला दे’ मीच म्हणालो होतो, मला वाटतेय का लाज?” ते उठले. “तू फार विचार करतेस. शालीचा रंग कुठला हवा तेवढं सांग.”

ती घरी गेली. अम्मानं, तिच्या आईनं, विचारलं, “सत्कार आहे म्हणे. कुठली साडी नेसणार?” ती हातपाय धुवायला मोरीकडे गेली. पुढचे दिवस ती ऑफिसात जाताना मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीनं जाऊ लागली, कारण रस्त्यात लोक थांबवून अभिनंदन करत होते. भाजीवाल्या बाईनं तर तिच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी वरून टाकली, “आमच्या गावाचं नाव काढलंस गं.” ती जुडी घरी नेऊन तिनं ओट्यावर तशीच सुकू दिली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी ती होसकोप्पच्या बसमध्ये बसली.

घर गावाच्या कडेला, सुपारीच्या बागेला लागून. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हरिणाक्षी सुपारीच्या हाळ्यांची, म्हणजे झावळीच्या रुंद बुडख्यांची, ताटं करत होती. ओली हाळ गरम साच्यात घालायची, पायानं दट्ट्या दाबायचा, वाफ निघाली की ताट तयार. समोर एक उंच माणूस त्या ताटांच्या कडा घासत बसला होता. तो तिचा नवरा देवेंद्र. नागवेणीला बघून हरिणाक्षीनं पाय काढला, पदराला हात पुसले, खुर्ची आणली, पाणी आणलं, आतून गूळ आणला. नागवेणीनं पाणी तेवढं घेतलं.

मोबाइलवर लिहून बोलणं सुरू झालं. हरिणाक्षी भराभर लिहायची. उद्या कुठली साडी नेसू, हार कसला आणू, स्टेजवर किती वेळ उभं राहायचं. नागवेणीनं विषय लांबवायला म्हणून विचारलं, “हे काय करतात? आज सुट्टी का?”

हरिणाक्षीनं नवऱ्याकडे पाहिलं आणि डोळे मोठे केले, थट्टेनं रागावल्यासारखे. मग लिहिलं:

“सुट्टी नाही, नोकरी सोडून आलेत. म्हैसूरला छापखान्यात चांगलं काम होतं. मालकाशी वाद झाला, मला संध्याकाळी व्हिडिओवर विचारलं, सोडू का? मी सांगितलं, नोकरी सोडू नका. आमच्या हातांच्या बोलण्यात ‘नका’ शेवटी येतं. यांना ‘नोकरी सोडा’ एवढंच दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन मोकळे. मी म्हणते, तुम्ही नीट बघितलं नाही. हे म्हणतात, चित्र थांबलं होतं. त्यावरून आमचं किती भांडण झालं, विचारू नका. अजून मी ऐकत नाही यांचं.”

नागवेणीनं ते वाचलं. परत वाचलं. देवेंद्र तिच्याकडे बघून हसत होता, बायकोच्या तक्रारीची सवय झालेला नवरा हसतो तसं.

“कधीची गोष्ट?” तिनं लिहिलं.

“गेल्या वैशाखातली.”

गेल्या वैशाखात नियम होता. संध्याकाळी होता. चित्र तिनंच थांबवलं होतं.

मग तिनं लिहायला घेतलं. दोन ओळी लिहून पुसल्या, पुन्हा लिहिल्या. ‘चूक झाली’ असं लिहून तेही पुसलं, कारण ती चूक नव्हती. शेवटी साधं लिहिलं: ‘तो गट तुमच्यासाठी नव्हता. जे कधी तक्रारीचा फोन करत नाहीत त्यांना सगळ्यात शेवटी ठेवायचं म्हणून मी तो केला होता. मूगरु हे नाव थट्टेनं दिलं. तुम्ही बहिऱ्या आहात हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी चित्र थांबायचं ते माझ्यामुळे. तुमच्या यजमानांचं खरं आहे.’

हरिणाक्षीनं ते वाचलं. तिचा चेहरा एकदम बदलला नाही. समजायला वेळ लागावा तसा हळूहळू मिटत गेला. तिनं मोबाइल नवऱ्याकडे दिला. त्यानं वाचला आणि ताट खाली ठेवलं. मग दोघं हातांनी बोलायला लागली. भराभर, चेहऱ्यावर एकेक भाव येऊन जात होता, मधेच तिनं आपल्या कपाळावर मूठ मारली, मधेच त्यानं तिचं मनगट धरलं. नागवेणी दोघांच्या मध्ये बसलेली होती आणि तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ते तिच्याबद्दलच बोलत होते एवढंच कळत होतं. मशीनमधली हाळ विसरली गेली होती, करपल्याचा वास सुटला होता.

बऱ्याच वेळानं हरिणाक्षीनं मोबाइल परत घेतला आणि एकच ओळ लिहिली.

“आम्ही फोन कसा करणार होतो?”

ऑफिसात तक्रार घ्यायची ती फोनवरच. दुसरी कुठली सोय नव्हती, आणि ती असावी असं इतक्या वर्षांत कुणालाच वाटलं नव्हतं.

हरिणाक्षीनं पुढे लिहिलं, “मी सगळ्या मैत्रिणींना सांगितलं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकलं. बाई म्हणाल्या, बघा, सागरमध्ये चांगली माणसं आहेत. आता मी त्यांना काय सांगू?”

“मी उद्या स्टेजवर सगळ्यांसमोर खरं सांगते,” नागवेणीनं लिहिलं.

हरिणाक्षीनं जोरानं हात हलवला. “नको. तुम्ही खरं बोललात म्हणून लोक परत टाळ्या वाजवतील. आणि मला हसतील, तोडदेव घेऊन आभार मानायला गेली म्हणून. मी येणार नाही. तुम्हीही जाऊ नका.”

नागवेणी उठली तेव्हा देवेंद्र तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला नाही. हरिणाक्षी शेडमधून हललीच नाही. बस यायला वेळ होता. नागवेणी सुपारीच्या बागेला पाठ करून थांब्याच्या कट्ट्यावर बसून राहिली. कुणी ओळखीचं येऊ नये एवढंच तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती कार्यक्रमाला गेली नाही. मंजप्पांनी शाल ऐन वेळी फकीरप्पाच्या खांद्यावर घातली, ‘खांबावर चढून गावाला जोडणारा’ म्हणून. फकीरप्पा तसाच शाल घेऊन तिच्या घरी आला.

“अक्का, ही तुम्ही ठेवा.”

“माझ्याकडे आहे की शाल.”

“नाव मी दिलं होतं,” तो दारातच उभा राहून म्हणाला. “मला झोप येत नाही.”

“टाइप मी केलं, फकीरप्पा. जा घरी.”

मंजप्पा काही दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिनंही समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. तिनं पहिलं काम केलं ते तक्रार लिहून किंवा व्हिडिओनं पाठवायची सोय. मग जुन्या सॉफ्टवेअरमधून तो गट उघडला आणि त्यातल्या एकेका घरी फोन लावायला बसली. रोज थोडे. निवृत्त मास्तर होते एक, ते म्हणाले, “मला वाटलं माझा फोनच जुना झाला.” एक आजी म्हणाली, “नातू अमेरिकेत आहे ना, लांबून येतं, थांबणारच की गं.” कोणी म्हणालं, वायर उंदरानं कुरतडली असेल. नागवेणी प्रत्येकाला सांगायची की तसं नव्हतं, आमच्याकडून होतं, मी केलेलं होतं. बहुतेकांना त्यात काही वाईटच वाटलं नाही. “असू दे अक्का,” म्हणून ते हवापाण्याच्या गोष्टी काढायचे, आणि फोन ठेवताना तीच आणखी ओशाळी व्हायची. कोणीतरी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटायचं. शेवटी एका दुकानदारानं दिल्या, चांगल्या मोकळ्या आवाजात. तिनं त्या पूर्ण ऐकून घेतल्या.

देवेंद्रला शिवमोग्ग्याच्या एका छापखान्यात काम मिळालं, पण ते त्याचं त्यानं शोधलं. नागवेणीनं मंजप्पांकरवी शब्द टाकायचं ठरवलं होतं, तोवर तो लागलाही होता. हे तिला फकीरप्पाकडून कळलं.

होसकोप्पला दुसरी कुठली तार जात नाही, त्यामुळे हरिणाक्षीनं कनेक्शन ठेवलं. मारिकांबा देवीच्या जत्रेत नागवेणीला ती एकदा दिसली, बांगड्यांच्या दुकानापाशी, दोन मैत्रिणींबरोबर. हात चालू होते, हसत होती. नागवेणी पुढे झाली, मग थांबली. हरिणाक्षीनं तिला पाहिलं. नमस्कार केला नाही, मानही फिरवली नाही. क्षणभर तिच्याकडे बघितलं, जसं आपण ओळखीच्या पण सलगी नसलेल्या माणसाकडे बघतो, आणि परत मैत्रिणींकडे वळली. त्यांतल्या एकीनं हातानं काहीतरी विचारलं. हरिणाक्षीनं छोटंसं उत्तर दिलं. काय दिलं ते नागवेणीला कळलं नाही, आणि ती गर्दीत मागे सरकली.

पावसाच्या दिवसांत एकदा दुपारी ऑफिसच्या मोबाइलवर हरिणाक्षीचा संदेश आला. ‘सकाळपासून बंद आहे. बघा.’ वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. नागवेणीनं पडद्यावर पाहिलं, होसकोप्पच्या वळणापुढे सगळंच पडलं होतं. तिनं फकीरप्पाला हाक मारली, खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर टाकली आणि तीही त्याच्या गाडीवर मागे बसली. वळणावर सुपारीचं झाड तारेवर आडवं झालं होतं. भर पावसात फकीरप्पाचं काम संपेपर्यंत ती खाली शिडी धरून उभी राहिली.